अर्थ जुळला म्हणून गांव सांपडलें काय ?

प्राचीन स्थळांचीं नांवें शोधण्याच्या विद्येला एक शाप आहे. तो असा कीं, ही विद्या फार गोड आहे. नाण्यांचा अभ्यास करावयाचा तर नाणीं हातीं पाहिजेत, शिलालेख वाचावयाचा तर लिपि यावयास पाहिजे, आणि उत्खनन करावयाचें तर उन्हापावसांत चिखल तुडवावा लागतो. परंतु एखाद्या जुन्या नांवाची फोड करून तें आजच्या नकाशावर नेऊन बसविण्यास एक कोश, एक नकाशा आणि बऱ्यापैकीं कल्पनाशक्ति एवढें भांडवल पुरतें. म्हणून या प्रांतांत घरबसल्या शोध लावणारांची गर्दी नेहमींच असते. रोमन अमलाखालील ब्रिटनच्या स्थळनामांसंबंधीं हा प्रकार गेलीं चारशें वर्षें चालू आहे व अद्यापि तो थांबलेला नाहीं. ‘केल्टिक भाषेंत या नांवाचा अर्थ अमुक, तो अर्थ या जागेला तंतोतंत लागू पडतो, म्हणून तें प्राचीन स्थळ तें हेंच’— या तीन पायऱ्यांच्या अनुमानाला आमचा विरोध आहे. तो कां आहे, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

वादास हात घालण्यापूर्वीं साधनें कोणतीं तें पाहूं. इ. स. ४३ मध्यें क्लॉडियस बादशहाच्या फौजा ब्रिटनमध्यें उतरल्या आणि पांचव्या शतकाच्या आरंभीं रोमन सत्ता तेथून उठली. या सुमारें साडेतीनशें वर्षांच्या अमलांतील स्थळनामें आपणांस मुख्यतः चार ग्रंथांतून मिळतात. पहिला ग्रंथ दुसऱ्या शतकांतील टॉलेमीचा भूगोल. त्यांत प्रत्येक स्थळाचे अक्षांश-रेखांश दिलेले आहेत खरे, पण त्यांवरून नकाशा काढला असतां सारा स्कॉटलंड देश मान मोडल्याप्रमाणें पूर्वेकडे कलंडलेला दिसतो. दुसरी अँटोनाइन मार्गपत्रिका. तिच्यांत ब्रिटनमधील पंधरा मार्ग आणि मुक्कामामुक्कामांमधील अंतरें रोमन मैलांत नमूद आहेत. तिसरी इ. स. ४०० च्या सुमाराची, कोणती पलटण कोणत्या ठाण्यांत आहे हें सांगणारी अधिकाऱ्यांची यादी. चौथें सुमारें सातशें सालचें, रॅव्हेना येथील एका अनामिक लेखकाचें विश्ववर्णन. त्यांत ब्रिटनमधील तीनशेंच्या आसपास नांवें आहेत, पण त्यांतलीं कित्येक ओळखूं न येण्याइतकीं विद्रूप झालेलीं आहेत. नांवें बहुतेक केल्टिक, तीं लिहून घेणारे ग्रीक अथवा लॅटिन बोलणारे, आणि त्यांच्या नकलांच्या नकला करणारे मध्ययुगीन लेखक दोहोंपैकीं पहिल्या भाषेचा गंधही नसलेले ! अशा तीन चाळण्यांतून जें गळून खालीं पडलें तें आपलें साहित्य होय.

आतां पूर्वपक्ष. नामशोधक म्हणतात कीं, केल्टिक लोक आपल्या वस्त्यांना जीं नांवें देत तीं वर्णनपर असत. ‘विंदो’ म्हणजे पांढरा, ‘कांबो’ म्हणजे वांकडा, ‘उक्सेलो’ म्हणजे उंच, ‘दूनुम्’ म्हणजे गढी, ‘डुब्रो’ म्हणजे पाणी. ‘डुब्रिस्’ हें बंदर म्हणजे ‘पाण्याचें ठिकाण’, आणि तेंच आजचें डोव्हर. मग इतर नांवांचेही अर्थ लावावे, त्या अर्थांचीं स्थळें हुडकावीं, आणि तेथें एखादी रोमन भिंत अथवा चार खापरें निघालीं म्हणजे प्रश्न मिटला. हा युक्तिवाद वरवर पाहतां निर्दोष वाटतो, आणि त्यांतील पहिलें विधान खरेंही आहे. नांवें वर्णनपर होतीं याबद्दल आमचा वाद नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, वर्णनपर नांव ही ओळख पटविण्याची सर्वांत दुबळी खूण आहे.

हें समजण्यास ब्रिटनपर्यंत जावयास नको. समजा, दोन हजार वर्षांनंतर कोणा परदेशी पंडिताच्या हातीं महाराष्ट्रांतील ‘वडगांव’ एवढें एकच नांव लागलें. त्यानें कोश पाहिला, वड म्हणजे कोणता वृक्ष तें जाणलें, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशीं एक जुना वड व त्याच्या बुंध्याशीं पडकें जोतें पाहून ‘वडगांव सांपडलें’ अशी द्वाही फिरविली, तर आपण त्याला काय म्हणूं ? वडगांवें, पिंपळगांवें आणि निंबगांवें या देशांत किती आहेत ह्याची गणती कोणीं करावी ! आणि वड तर वडगांवाबाहेरही उगवतो. ब्रिटनची स्थिति याहून निराळी नाहीं. ‘डर्व्हेंटिओ’ हें नांव ओक वृक्षाच्या ‘डेर्वा’ या शब्दापासून झालें आहे. आपल्या ‘देवदारु’ शब्दांतील ‘दारु’ याचाच तो दूरचा भाऊ. या नांवाचीं ठाणीं रोमन ब्रिटनमध्यें निदान तीन होतीं, आणि डर्वेंट नांवाच्या चार नद्या इंग्लंडमध्यें आजही वाहत आहेत. ‘इस्का’ एक वेल्समध्यें अस्क नदीवर आणि दुसरें एक्सेटर येथें. ‘नोव्हियोमॅगस’ म्हणजे ‘नवी पेठ’. तीही एकाहून अधिक.

यॉर्कशरमधील डर्व्हेंटिओचा प्रश्न तर या पद्धतीचें दिवाळें उघड करणारा आहे. मार्गपत्रिका म्हणते कीं, हें ठाणें यॉर्कपासून सात मैलांवर आहे. ज्या माल्टन गांवीं मोठा रोमन किल्ला निघाला आहे तें यॉर्कपासून सतरा-अठरा मैल दूर; सात मैलांच्या जवळपास येतें तें स्टॅमफर्ड ब्रिज. दोन्हीही गांवें एकाच डर्वेंट नदीच्या कांठीं ! व्युत्पत्ति येथें दोघांनाही सारखाच कौल देते, म्हणजे कोणालाच देत नाहीं. आंकडा चुकला आहे कीं किल्ल्याचें नांव निराळें आहे, याचा निकाल लागला तर तो मार्गांच्या मोजणीनें आणि कुदळीनें लागेल. ओक वृक्षाचें स्मरण करून तो लागावयाचा नाहीं.

अर्थाच्या जोडीला दुसरा मोह ध्वनीचा. विल्यम कॅम्डेन हा मोठा विद्वान्. १५८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘ब्रिटानिया’ ग्रंथाचें ऋण कोणीही अमान्य करणार नाहीं. या कामासाठीं तो वेल्श भाषाही शिकला होता. परंतु ‘कामुलोडूनुम्’ हें प्राचीन नगर कोठें होतें असा प्रश्न येतांच त्याच्या कानानें त्याला दगा दिला. एसेक्समधील ‘माल्डन’ हें नांव त्याला ‘-मुलोडून’ याचा अवशेष वाटलें आणि त्यानें नगर तेथें नेऊन बसविलें. वास्तविक माल्डन हें नांव अस्सल इंग्रजी असून ‘क्रूस असलेली टेकडी’ हा त्याचा अर्थ आहे. कामुलोस देवाचा आणि त्याच्या गढीचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. खरें कामुलोडूनुम् कोल्चेस्टर येथें निघालें. तेथील नॉर्मन किल्ल्याच्या पोटांत क्लॉडियसच्या मंदिराचा चौथरा आहे. बूडिकाच्या बंडांत इ. स. ६०-६१ च्या सुमारास शहर जाळल्याचें टॅसिटसनें लिहिलें, तो जळका थर जमिनीखालीं जागोजाग लागतो. आणि ज्यांवर ‘कामु’ हीं अक्षरें आहेत अशीं कुनोबेलिन राजाचीं नाणीं या टापूंत प्रचलित होतीं. याच कॅम्डेननें कॅलेव्हा हें नगर वॉलिंगफर्ड येथें मानिलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं सिल्चेस्टरच्या उत्खननांत कॅलेव्हा येथें राहणाऱ्या परकीयांच्या मंडळानें बसविलेल्या लेखाचे तुकडे निघाले आणि नगराचें नांव दगडानेंच सांगितलें.

‘कॅम्डेनच्या काळीं भाषाशास्त्र बाल्यावस्थेंत होतें, आतांचे पंडित अशी चूक करणार नाहींत,’ असें कोणी म्हणेल. त्यांच्यासाठीं विसाव्या शतकांतलें एक उदाहरण देतों, आणि तें सर्वांत बोधप्रद आहे. हेड्रियनच्या भिंतीवर बर्डोस्वल्ड नांवाचा एक प्रसिद्ध किल्ला आहे. एका उंच सोंडेवर तो उभा असून खालीं अर्थिंग नदी नागमोडी वळणें घेत वाहते. अधिकाऱ्यांच्या यादींत ‘आंबोग्लान्ना’ नांवाचें ठाणें येतें. आरंभींचा गळालेला ‘क’ जोडला म्हणजे ‘कांबोग्लान्ना’, अर्थात् ‘वांकडा नदीकांठ’. बर्डोस्वल्डला हें वर्णन इतकें चपखल बसतें कीं, ज्यानें तो देखावा पाहिला त्याला शंकाच उरूं नये. त्यांत यादीप्रमाणें या ठाण्यांत डेशियन पलटण होती, आणि तिचे शिलालेख बर्डोस्वल्ड येथें भरपूर निघाले. झालें ! बर्डोस्वल्ड म्हणजे कांबोग्लान्ना हें समीकरण ग्रंथांत रूढ झालें. एवढ्यावर न थांबतां, आर्थर राजा जेथें पडला तें कॅम्लान रणक्षेत्र तें हेंच, असेंही १९३५ सालीं सुचविण्यांत आलें.

परंतु एक अडचण होती, आणि ती फार जुनी होती. १७२५ सालीं विल्टशरमधील रज येथें कांशाचा एक लहान प्याला सांपडला होता. त्याच्या कांठाशीं भिंतीवरील किल्ल्यांचीं नांवें पश्चिमेकडून ओळीनें कोरलेलीं आहेत : माइस, आबाल्लाव्हा, उक्सेलोडूनुम्, कांबोग्लान्ना आणि बन्ना. ओळीनें मोजीत गेलें तर कांबोग्लान्ना हें पश्चिमेकडील कॅसलस्टेड्स येथें पडतें आणि बर्डोस्वल्डच्या वाट्याला ‘बन्ना’ येतें. ‘बन्ना येथील शिकाऱ्यांनीं’ सिल्व्हानस देवाला वाहिलेली वेदीही बर्डोस्वल्ड येथेंच निघाली होती. तरीसुद्धां ‘वांकड्या कांठा’ची मोहिनी अशी कीं, हें नको असलेलें बन्ना भिंतीच्या उत्तरेस, ब्यूकॅसल येथें, हद्दपार करण्यांत आलें. १९४९ सालीं फ्रान्समधील आमियाँ येथें दुसरें तसेंच पात्र निघालें. त्यावरही क्रम तोच, आणि बन्नापुढें एसिका. अखेर १९७६ मध्यें मार्क हॅसल यांनीं गांठ सोडविली. यादीची नक्कल करणाऱ्याची नजर एका ओळीवरून खालच्या ओळीवर घसरली होती. मूळांत ‘डेशियन पलटण, बन्ना’ व ‘तुंग्रियन पलटण, कांबोग्लान्ना’ अशा दोन नोंदी होत्या. मधला मजकूर गळून डेशियन पलटणीला शेजाऱ्याचें नांव चिकटलें. कॅसलस्टेड्स येथें शिलालेख सांपडतात ते त्या तुंग्रियन पलटणीचेच ! २००३ सालीं स्टॅफर्डशरमध्यें निघालेल्या तिसऱ्या पात्रावरही कांबोग्लान्ना हें उक्सेलोडूनुम्‌च्या लगोलग येतें.

आतां यांतील खरी गंमत पाहा. ‘बन्ना’ याचा अर्थ शिंग, सुळका, पुढें आलेली सोंड. आणि बर्डोस्वल्ड एका सोंडेवरच उभें आहे. म्हणजे चुकीच्या नांवाचा अर्थ त्या जागेस जुळत होता, आणि खऱ्या नांवाचाही जुळतो ! उलट कॅसलस्टेड्सच्या शेजारून वाहणाऱ्या ओढ्याचें नांव आजही ‘कॅम बेक’ आहे. जी कसोटी खरें आणि खोटें दोहोंवर सारखाच शिक्का मारते तिला कसोटी म्हणतां येत नाहीं. सराफाचा जो दगड पितळेवरही सोन्याचा कस उमटवितो त्याला विहिरींत टाकावयाचा असतो.

‘एखादें ठाणें दहा-वीस मैल इकडे कीं तिकडे, यानें असें काय बिघडलें ?’ असा प्रश्न सुज्ञ वाचकही विचारतील. बिघडतें तें असें. ब्रिटनमधील त्या प्राचीन केल्टिक भाषेंत लिहिलेला एकही ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. त्या लोकांचीं गाणीं गेलीं, कथा गेल्या, कायदे गेले. त्यांच्याविषयीं जें लिहिलें तें त्यांना जिंकणारांनीं लिहिलें. त्यांच्या स्वतःच्या मुखांतलें जें कांहीं उरलें तें मुख्यतः हीं नांवें. एका संबंध जनतेची ही शेवटची साक्ष आहे. नामशोधक काय करितो ? अर्थाच्या अंदाजानें जागा ठरवितो. मग त्या जागेचें रूप पाहून अर्थ पक्का करितो. आणि तो ‘पक्का’ अर्थ कोशांत गेला कीं त्याच्या आधारें दुसऱ्या नांवाची जागा ठरते. हा अन्योन्याश्रय होय. यांत जागाही बुडते आणि भाषाही बुडते. साक्षीदाराच्या तोंडांत आपले शब्द घालून मग त्याच्या साक्षीवर निवाडा देणें हा अन्याय आहे, आणि साक्षीदार मेलेला असल्यानें तो अधिकच मोठा आहे.

नांवांची ही भूक माणसाला कोठवर नेते याचीही उदाहरणें इतिहासांत आहेत. कोपनहेगन येथें इंग्रजी शिकविणाऱ्या चार्ल्स बर्ट्राम नांवाच्या तरुणानें १७४७ सालीं विल्यम स्टुकली या प्रसिद्ध पुराणवस्तुसंशोधकाशीं पत्रव्यवहार सुरू केला आणि चौदाव्या शतकांतील एका भिक्षूचें रोमन ब्रिटनवरील हस्तलिखित आपणांपाशीं असल्याचें कळविलें. १७५७ मध्यें तो ग्रंथ छापून निघाला. त्यांत नवे मार्ग, नवीं ठाणीं, एवढेंच नव्हे तर ‘व्हेस्पासियाना’ नांवाचा कधींही नसलेला एक प्रांतही होता. मूळ हस्तलिखित कोणाच्याही दृष्टीस पडलें नाहीं. पण रिकाम्या जागा भरल्या गेल्याच्या आनंदांत तें मागण्याचें भान कितीकांना राहिलें? विल्यम रॉय यांच्यासारख्या कसलेल्या मोजणीदारानेंही त्यावर विश्वास ठेविला. हें बनावट आहे असें विंडसरचे ग्रंथपाल वुडवर्ड यांनीं १८६६-६७ मध्यें सिद्ध केलें, तोंवर शंभराहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. स्कॉटलंडच्या ‘ग्रॅम्पियन’ पर्वताचें नांव तर याहून विनोदी. टॅसिटसनें अग्रिकोलाच्या लढाईचें स्थळ ‘ग्राउपियस पर्वत’ असें लिहिलें. पंधराव्या शतकांतील छापील प्रतींत अक्षर चुकून तें ‘ग्रांपियस’ झालें, आणि त्या छापण्याच्या चुकीचें बारसें एका सबंध पर्वतराजीवर झालें.

मग काय, व्युत्पत्तिशास्त्राला या प्रांतांतून हांकलून द्यावयाचें ? मुळींच नाहीं. १८५३ सालीं झॉयस याचें केल्टिक व्याकरण निघाल्यापासून हें शास्त्र नियमांनीं बांधलें गेलें आहे, आणि त्याचें काम मोठें आहे. फक्त तें निराळें आहे. शब्दाच्या आरंभींचा ‘व’ वेल्शमध्यें ‘ग्व’ होतो हें त्यानें दाखविलें, म्हणून ‘व्हेंटा’ आणि आजचें ‘ग्वेंट’ यांचा संबंध निश्चित झाला. यादींतील ‘आक्सेलोडूनुम्’ हें अपभ्रष्ट असून तेथें ‘उक्सेलोडूनुम्’ पाहिजे हें तें सांगूं शकतें, आणि रजच्या प्याल्यावर तसेंच कोरलेलें आहे. माल्डन हें कामुलोडूनुम् असणें शक्य नाहीं, हाही निकाल त्याचाच. हस्तलिखित शुद्ध करणें, शक्याशक्य सांगणें, आणि अशक्य असेल तेथें ‘नाहीं’ म्हणणें हा त्याचा अधिकार. ‘हेंच तें’ असें म्हणण्याचा अधिकार मात्र त्याला नाहीं. ‘व्हेंटा’ शब्दाच्या अर्थाविषयीं पंडितांचें अजून एकमत नाहीं. तरी व्हेंटा सिलुरुम् म्हणजे केरवेंट यांत शंका नाहीं, कारण सिलुरिस लोकांच्या नगरसंस्थेनें उभारलेला लेख १९०३ मध्यें तेथेंच निघाला. लंडनच्या नांवाची व्युत्पत्ति आजही वादग्रस्त आहे. म्हणून लंडिनियम हरवलें आहे असें कोणी म्हणत नाहीं. व्हिंडोलांडा याचा अर्थ ‘पांढरें आवार’ असा लावितात. पण तें ठाणें ओळखलें गेलें तें १९१४ सालीं सांपडलेल्या वेदीवर तेथील ग्रामस्थांनीं आपलें गांव सांगितलें म्हणून, आणि १९७३ पासून निघत आलेल्या लांकडी पत्रांनीं त्याला दुजोरा दिला म्हणून.

कुदळवाल्यांनींही फार फुशारूं नये. दगड मुका असतो. लेख नसेल तर तो आपलें वय सांगेल, नांव सांगणार नाहीं. १९७५ मध्यें विमानांतून पाहतां ॲबर्डीनशरमध्यें डर्नो येथें सुमारें १४४ एकरांची प्रचंड रोमन छावणी दिसली आणि शेजारचा बेनाही डोंगर म्हणजेच ग्राउपियस, असें मत मांडण्यांत आलें. मत विचारार्ह आहे. पण छावणी मोठी म्हणून ती त्याच लढाईची, हें अनुमान ‘नदी वांकडी म्हणून कांबोग्लान्ना’ याच जातीचें नव्हे काय ?

हा प्रश्न केवळ परद्वीपस्थ आहे असेंही नाहीं. ज्या टॉलेमीनें लंडिनियम लिहिलें त्यानेंच पैठण आणि तगर लिहिलें. ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत तगर हें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगितलें आहे. असें असतां कोणीं तें देवगिरीस नेलें, कोणीं जुन्नरास. एक वायव्येला, दुसरें पश्चिमेला! १९०१ सालीं फ्लीट यांनीं तें उस्मानाबादजवळचें तेर म्हणून ठरविलें. त्यांची रीति पाहण्यासारखी आहे. नगर—नयर—नेर या मार्गानें पिंपळनेरांतील ‘नेर’ झालें, त्याच नियमानें तगराचें तेर होऊं शकतें, एवढेंच व्युत्पत्तीनें सांगितलें. दिशा व अंतर ग्रंथानें सांगितलें, ‘तगरपुराधीश्वर’ हें बिरूद ताम्रपटांनीं जपलें, आणि पुढें तेरच्या मातींतून निघालेल्या सातवाहनकालीन वस्तूंनीं तें पक्कें केलें. चार साक्षी परस्परांपासून स्वतंत्र, आणि चारही एका ठिकाणीं मिळणाऱ्या. याचें नांव शोध.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, नकाशावर रिकामी जागा असणें ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. चारशें वर्षांत या विद्येचें जें नुकसान झालें तें रिकाम्या जागांनीं झालेलें नाहीं, घाईनें भरलेल्या जागांनीं झालें आहे. कारण रिकामी जागा पुढच्या संशोधकाला हांक मारते, आणि चुकीची भरलेली जागा त्याला वाटेंतूनच परत पाठविते. रजचा प्याला अडीचशें वर्षें लोकांच्या डोळ्यांपुढें होता. त्यावरील अक्षरें अगदीं स्पष्ट होतीं; तीं तशींच्या तशीं वाचावयास मात्र कोणी तयार नव्हतें, कारण नदीचें वळण फार सुंदर होतें.